टेडी वेदरफोर्ड : परक्या भूमीत विसावलेले हात

परदेशी जाऊन तेथेच देह ठेवणारा माणूस म्हणजे काय, हे सोलापूरकरांना समजावून सांगावे लागत नाही. ह्या शहराचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांची शुश्रूषा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. आपल्या घरचा माणूस परक्यांच्या कामी आला ही जाणीव सोलापूरने अभिमानाने जपली आहे. ती जपताना आमच्या मनात मात्र एक प्रश्न उभा राहतो. उलट दिशेने, म्हणजे दूर देशांतून आपल्याकडे आलेल्या आणि आपल्याच मातीत विसावलेल्या माणसांची आठवण आपण किती ठेवली आहे?

अशाच एका माणसाची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत. हा माणूस डॉक्टर नव्हता, धर्मसेवक नव्हता, समाजसुधारकही नव्हता. डॉ. कोटणीसांच्या त्यागाशी त्याची तुलना करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तो एक पोटार्थी वादक होता. पियानो वाजवून पगार घ्यावा, करार संपला की सामान बांधून दुसरे गाव गाठावे, असे त्याचे आयुष्य. त्याचे नाव टेडी वेदरफोर्ड. अमेरिकेत जन्मलेला हा कृष्णवर्णीय पियानोवादक चीनमार्गे मुंबईला आला, तेथून कलकत्त्याला गेला आणि तेथेच अकाली निवर्तला. त्याच्या पिढीतील वादकांनी मुंबईत जे रुजवले त्याचे स्वर आपल्या कानांवर आजही पडतात. ते कोठून आले हे मात्र आपल्याला ठाऊक नसते.

कोळशाच्या गावातून संगीताच्या नगरीत

टेडी वेदरफोर्ड ह्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, पोकाहोंटस ह्या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. जवळच्याच ब्लूफील्ड ह्या शहरात त्यांचे बालपण गेले. गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येऊन तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. आगगाडीचा डबा वेगळा, उपाहारगृहाचे दार वेगळे, अशी व्यवस्था होती. आपल्याकडील गावकुसाबाहेरच्या वस्त्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या व्यवस्थेचे स्वरूप अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

१९१५ च्या सुमारास हा मुलगा न्यू ऑर्लिन्स ह्या शहरी आला आणि पुढील पाच वर्षे तेथे राहिला. फ्रेंच आणि स्पॅनिश राजवटींच्या वारशामुळे न्यू ऑर्लिन्सवर कॅथलिक संस्कृतीचा ठसा फार खोल आहे. तेथील अंत्ययात्रांतही पितळी वाद्यांचा बँड असे. दफनभूमीकडे जाताना संथ लयीतील भजने, आणि मृताला निरोप देऊन परतताना चढत्या लयीतील आनंदी सुरावटी, अशी तेथील रीत होती. सणासुदीच्या मिरवणुकीत गोव्यातील किंवा वसईतील बँड ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही. ह्याच नगरीत जॅझ आकाराला येत होता आणि तेथेच वेदरफोर्ड पियानो शिकले.

जॅझ आणि त्याचे मूळ असलेले ब्लूज ह्यांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. ब्लूजचा सांगाडा अगदी साधा आहे. चार मात्रांचे एक, अशी बारा आवर्तने, तीन मुख्य कॉर्ड आणि दुःख सांगणारा एकाकी आवाज. गंधार आणि निषाद हे स्वर किंचित उतरवून, जणू दाबून लावल्यामुळे त्यात एक हुरहुर येते. शेतात राबणाऱ्या गुलामांची गाणी आणि त्यांच्या प्रार्थनामंदिरांतील भजने ह्या दोहोंचे संस्कार त्यावर आहेत. जॅझने हा साधा सांगाडा घेतला आणि त्यावर उत्स्फूर्त विस्ताराची इमारत उभारली. आपल्याकडील गवयी बंदिशीच्या आधाराने आलापी करतो, तसा जॅझवादक ठरलेल्या कॉर्डच्या आधाराने ऐन वेळी नवी सुरावट रचतो.

ह्या शैलीतील पियानोवादकाचे काम अंगमेहनतीचे असते. डाव्या हाताने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्जातील स्वर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मधल्या सप्तकातील कॉर्ड, अशा उड्या सतत मारीत राहायचे. उजव्या हाताने सुरावट खुलवायची. म्हणजे ढोलकी, पेटी आणि गायक ह्या तिघांचे काम एकट्याने करायचे. वेदरफोर्ड ह्यांच्या हातांत हे बळ होते.

शिकागो : नाव होत असतानाच निरोप

वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास ते शिकागोला पोहोचले. दक्षिणेतील जाच सोडून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळी उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत येत होती. त्यांच्या वस्तीत नाट्यगृहे आणि नृत्यगृहे उभी राहिली होती. मूकपटांचा तो जमाना. पडद्यावर चित्र हलत असताना खाली बसलेला वाद्यवृंद प्रसंगानुरूप संगीत वाजवी. व्हेंडोम नावाच्या चित्रपटगृहात अर्स्किन टेट ह्यांचा वाद्यवृंद होता आणि त्याच्या पियानोवर वेदरफोर्ड बसू लागले. ह्याच वाद्यवृंदात पुढे जगद्विख्यात झालेले ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग दाखल झाले. मे १९२६ मध्ये ह्या वाद्यवृंदाची जी ध्वनिमुद्रिका निघाली तीत हे दोघेही ऐकू येतात.

त्याच सुमारास अर्ल हाइन्स नावाचा एक तरुण पियानोवादक शिकागोत आला होता. वेदरफोर्ड ह्यांचे वादन ऐकून तो प्रभावित झाला. पुढे १९२८ साली हाइन्स ह्यांनी आर्मस्ट्राँग ह्यांच्यासोबत केलेली ध्वनिमुद्रणे जॅझच्या इतिहासातील सोनेरी पान मानली जातात. हाइन्स १९८३ पर्यंत जगले आणि जॅझ पियानोचे एक आद्य आचार्य म्हणून गौरविले गेले.

वेदरफोर्ड मात्र तोवर शिकागोत राहिलेच नव्हते. १९२६ सालीच जॅक कार्टर ह्या ढोलवादकाच्या वाद्यवृंदाबरोबर ते आशियाकडे निघाले होते. त्यांचे वय तेव्हा २२ होते. ज्या वर्षांत जॅझचा इतिहास लिहिला जाणार होता, नेमकी तीच वर्षे त्यांनी दूर देशी घालवली. ह्याला कोणी चूक म्हणेल, कोणी दुर्दैव म्हणेल. आम्हांला वाटते, पोट भरण्यासाठी गाव सोडणाऱ्या कोणत्याही माणसाचा असाच निर्णय असतो. समोर काम दिसते, पगार दिसतो. मागे काय राहिले ह्याचा हिशेब पुढे कधी तरी होतो.

शांघायमधील रात्री

त्या काळचे शांघाय हे अजब शहर होते. चीनच्या भूमीवर असूनही त्याच्या मोठ्या भागावर परकीयांचा अंमल चाले. व्यापार, बँका आणि आलिशान नृत्यगृहे ह्यांनी ते गजबजलेले होते. येथे वेदरफोर्ड ह्यांचा जम बसला. मनिला, सिंगापूर ह्या बंदरांतही त्यांनी कार्यक्रम केले. शांघायमधील त्यांच्या उमेदीच्या काळात एकाच रात्री चार निरनिराळ्या ठिकाणी जाऊन ते वाजवीत. एका नृत्यगृहातील खेळ संपला की दुसरे, तेथून तिसरे, तेथून चौथे. मध्यरात्र उलटून गेल्यावरच त्यांचा दिवस संपत असे.

सुप्रसिद्ध कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज १९३३ साली शांघायला आले असता वेदरफोर्ड ह्यांना भेटले. धिप्पाड देहाच्या ह्या दिलखुलास वादकाला पूर्वेकडील शहरांत केवढा मान मिळतो, हे त्यांनी पाहिले आणि पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवून ठेवले. मायदेशी ज्या उपाहारगृहाच्या पुढील दाराने प्रवेश मिळाला नसता, तशाच उपाहारगृहात येथे त्यांच्यासाठी टाळ्या वाजत होत्या.

१९३४ साली ते अमेरिकेला गेले ते वादक आणण्यासाठी. तेथे तेव्हा महामंदी होती आणि अनेक गुणी वादक बेकार बसले होते. लॉस एंजेलिसमधील बक क्लेटन ह्या तरुण ट्रम्पेटवादकाच्या वाद्यवृंदाला घेऊन ते शांघायला परतले आणि कॅनिड्रोम ह्या भव्य नृत्यगृहात त्या सर्वांना काम मिळाले. पण वर्णद्वेषही जहाजाने प्रवास करतो. एका गोऱ्या अमेरिकन माणसाने वादकांना डिवचले, हातघाई झाली आणि त्या भांडणापायी क्लेटन ह्यांच्या वाद्यवृंदाचे काम गेले. क्लेटन १९३६ मध्ये मायदेशी परतले आणि पुढे काउंट बेसी ह्यांच्या वाद्यवृंदात नामवंत झाले. वेदरफोर्ड ह्यांनी पुढची वाट धरली ती हिंदुस्थानची.

मुंबई : ताजमहाल हॉटेल आणि धोबीतलाव

मुंबईतील ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये सुरू झाले, म्हणजे वेदरफोर्ड आणि हे हॉटेल एकाच वयाचे. १९३५ साली लिऑन ॲबी ह्या व्हायोलिनवादकाने येथे कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा जॅझ वाद्यवृंद आणला आणि मुंबईच्या श्रीमंत वर्तुळात त्याचा बोलबाला झाला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ ह्या ज्येष्ठ ट्रम्पेटवादकाच्या वाद्यवृंदाने ताजमधील श्रोत्यांना रिझवले. वेदरफोर्ड ह्यांनी त्याच्या पियानोची आणि पुढे नेतृत्वाचीही जबाबदारी सांभाळली. मधल्या काळात १९३७ साली पॅरिसला जाऊन त्यांनी एकट्या पियानोच्या काही ध्वनिमुद्रिकाही केल्या.

हॉटेलातील वादकाची चाकरी बाहेरून दिसते तितकी सुखाची नसते. संध्याकाळच्या चहाला हलके संगीत, रात्रीच्या जेवणाला संथ सुरावटी, त्यानंतर उशिरापर्यंत नृत्य. समोरचे लोक बोलत असतात, खात असतात, हसत असतात. त्यांच्यासाठी संगीत म्हणजे खोलीतील फुलदाणी. पावसाळ्यात दमट हवेने पियानोचे लाकूड फुगते, तारा चढतात. तरी वाजवावेच लागते. अशा श्रोत्यांपुढे रोज मनापासून वाजवणे ही एक शिस्तच म्हटली पाहिजे.

मुंबईत वेदरफोर्ड ह्यांच्या आयुष्यात आणखी एका शिस्तीतून आलेली माणसे भेटली, आणि येथे ही कथा आपल्या अगदी जवळ येते. पोर्तुगीज काळापासून गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखनाचीही ओळख करून दिली जाई. मिस्साविधीतील गायन आणि व्हायोलिनसाठी गायकवृंद तयार व्हावा हा त्यामागील हेतू होता. संगीत शिकवणाऱ्या गुरूला मेश्त्री म्हणत. त्याचा धाक मोठा होता आणि वर्षानुवर्षांच्या सरावातून तयार झालेली मुले समोर ठेवलेला कोणताही कागद झरझर वाचून वाजवू शकत. हीच मुले मोठी होऊन नोकरीसाठी मुंबईला येत, धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावाच्या कुडींमध्ये राहत आणि पोलीस बँड, मूकपटांची चित्रपटगृहे, हॉटेले अशी कामे शोधीत.

ह्या गोमंतकीय वादकांजवळ वाचन होते, तंत्र होते, सुरेलपणा होता. कागदावर नसलेले वाजवण्याची सवय मात्र त्यांना नव्हती. जॅझ नेमके तेच मागत होता. ध्वनिमुद्रिका ऐकून त्याची नक्कल करता येत होती. पण लय कशी झुलवायची, स्वर किती दाबायचा, दुसऱ्याच्या वादनाला तत्क्षणी उत्तर कसे द्यायचे, हे शेजारी बसूनच शिकावे लागते. क्रिकेट स्मिथ, वेदरफोर्ड आणि त्यांचे सहकारी मुंबईत आल्यामुळे ही शाळा उघडली गेली. आपले अमेरिकन सोबती एकेक करून मायदेशी परतू लागले तसतसे वेदरफोर्ड ह्यांच्या वाद्यवृंदात स्थानिक वादक येत गेले.

कलकत्ता : शेवटची चार वर्षे

दुसरे महायुद्ध पूर्वेकडे पसरले तेव्हा वेदरफोर्ड कलकत्त्यात होते. चौरंगीवरील ग्रँड हॉटेल हे त्यांचे कामाचे ठिकाण. १९३० च्या दशकात साथीच्या रोगामुळे हे हॉटेल बंद पडले होते आणि मोहनसिंग ओबेरॉय ह्यांनी ते पुन्हा सुरू केले होते. युद्धकाळात ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांनी कलकत्ता भरून गेले आणि ग्रँडमध्ये वेदरफोर्ड ह्यांचा वाद्यवृंद ऐकायला गर्दी होऊ लागली. अमेरिकन सैन्याच्या नभोवाणीवरून त्यांचे कार्यक्रम प्रसारित होत. त्यांच्या वाद्यवृंदाच्या अनेक ध्वनिमुद्रिकाही ह्याच शहरात निघाल्या.

त्या वाद्यवृंदाची रचना पाहिली की मन थक्क होते. १९४२ मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेश जिंकल्यावर तेथून निर्वासित होऊन आलेले क्लॅरिनेटवादक रूबेन सॉलोमन आणि गिटारवादक सेड्रिक वेस्ट त्यात होते. ट्रम्पेटवर मूळचे नेपाळचे पुष्कर बहादूर होते, ज्यांनी जॉर्ज बँक्स हे नाव घेतले होते. बासवर गोमंतकीय वळणाच्या नावाचे टोनी गोन्साल्व्हिस. मुंबईत जन्मलेल्या गेरी स्कॉट ह्या गायिकेने ह्या वाद्यवृंदाबरोबर गायिले. अमेरिकन व्यापारी जहाजावर खानसाम्याचे काम करणारा जिमी विदरस्पून नावाचा तरुण कलकत्ता बंदरात उतरला असता वेदरफोर्ड ह्यांनी त्याला मंचावर गाण्याची संधी दिली. पुढे तोच ब्लूजचा एक थोर गायक म्हणून गाजला. ज्यू, ख्रिस्ती, नेपाळी, अँग्लो-इंडियन, निर्वासित, खलाशी : ज्याच्या हातात किंवा गळ्यात सूर आहे त्याला ह्या पियानोजवळ जागा होती. ज्या माणसाला मायदेशी रंगावरून वेगळे बसवले जात होते त्याने आपल्या वाद्यवृंदात कोणाला वेगळे बसवले नाही.

ह्या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. सुमारे ३० लाख माणसे अन्नाविना आणि रोगराईने दगावली असा अंदाज आहे. खेड्यांतून आलेली भुकेली कुटुंबे कलकत्त्याच्या रस्त्यांवर पेजेसाठी याचना करीत होती, आणि त्याच रस्त्यांवरील हॉटेलांत रात्री नृत्य चालू होते. हा विरोध आम्ही लपवू इच्छीत नाही. वादकाची पोळी अशा ठिकाणी भाजली जाते जेथे पैसा असतो, आणि युद्धकाळात पैसा सैनिकांच्या व श्रीमंतांच्या खिशात होता. त्या माणसाला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याला त्यातून वगळूही शकत नाही.

शेवटी त्या शहराचे दुखणे त्यांच्यापर्यंतही पोहोचले. दूषित पाण्यातून पसरणारा कॉलरा बंगालमध्ये वारंवार उद्भवत असे. एप्रिल १९४५ मध्ये वेदरफोर्ड ह्यांना त्याची बाधा झाली आणि २५ एप्रिल रोजी त्यांनी कलकत्त्यात अखेरचा श्वास घेतला. त्यांचे वय ४१ वर्षांचे होते. युरोपातील युद्ध संपायला तेरा दिवस उरले होते.

मागे काय उरले

जॅझच्या इतिहासग्रंथांत वेदरफोर्ड ह्यांच्या वाट्याला थोड्याच ओळी येतात. जेथे इतिहास लिहिला गेला तेथे ते नव्हते आणि जेथे ते होते तेथे तो उशिरापर्यंत कोणी लिहिला नाही. पण संगीताचा वारसा केवळ ग्रंथांतून चालत नाही. तो हातांतून हातांत जातो.

जॅझच्या त्या मुंबईत जी गोमंतकीय पिढी घडली तीत हळदोणे गावचे आंतोनियो शावियेर वाझ होते. चिक चॉकलेट ह्या नावाने आणि हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ते ख्यातनाम झाले. संगीतकार सी. रामचंद्र ह्यांचे ते साहाय्यक झाले. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा हा मराठी संगीतकार आणि गोव्याचा हा ट्रम्पेटवादक ह्यांच्या सहकार्यातून हिंदी चित्रपटगीतांना नवी चाल मिळाली. भगवानदादा पालव ह्यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात तर चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. तिकडे जॉर्ज बँक्स ह्यांचा मुलगा लुई, ज्याचे नाव आर्मस्ट्राँग ह्यांच्यावरून ठेवले होते, मोठा होऊन मुंबईत नामवंत जॅझ पियानोवादक झाला. ज्या वाद्यवृंदात वडिलांनी ट्रम्पेट वाजवला त्याचा म्होरक्या पियानोवर होता, आणि मुलगा पियानोवर बसला.

सोलापूरच्या रस्त्यावरून लग्नाची वरात जाते तेव्हा ‘अलबेला’तील एखादी चाल आजही बँडवर वाजते. वाजवणाऱ्याच्या गणवेशाची जर उसवलेली असते, ट्रम्पेटवर पोचे पडलेले असतात, आणि नाचणाऱ्या मुलांना ती चाल कोठून आली ह्याची फिकीर नसते. तशी ती असावी असा आमचा आग्रहही नाही. पण त्या पितळी सुरात व्हर्जिनियाच्या खाणींचे गाव आहे, न्यू ऑर्लिन्सची अंत्ययात्रा आहे, हळदोण्याच्या धर्मग्रामशाळेतील मेश्त्रीची छडी आहे आणि कलकत्त्यात थांबलेले दोन मोठे हात आहेत. बँड दारावरून पुढे जाईल तेव्हा क्षणभर त्या हातांच्या धन्याचे नाव आठवावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.